लाल पट्ट्यात घर मागणारे काका

काकांना आमच्या ऑफिसात घेतलं ते त्यांनी काम करावं म्हणून नव्हे. शहरात कुठली जमीन कशासाठी वापरली जातेय आणि कुठे पाण्याचा धोका आहे, याचा नकाशा करायचं काम आमच्या बॉसला एका मोठ्या कंपनीमार्फत मिळालं होतं. अटींच्या कागदात 'प्रत्यक्ष मोजणीचा दीर्घ अनुभव असलेली एक व्यक्ती' असं कलम होतं. आमच्यात सगळ्यांत अनुभवी माणूस म्हणजे बॉस, आणि तो पस्तिशीचा. मग जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शोधले गेले, त्यांचा बायोडाटा फोटोसकट जोडला गेला आणि कलम पूर्ण झालं. "अंकल, आपको आने की ज़रूरत नहीं," असं बॉसने त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला काका डबा घेऊन हजर.

भाईंदर पूर्वेला एका ड्रायक्लीनरच्या डोक्यावर आमचं ऑफिस. सहा कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर आणि बॉसची काचेची केबिन. काकांना द्यायला टेबल नव्हतं. ते प्रिंटरशेजारच्या खोक्यावर बसले आणि संध्याकाळी सहाला उठले. आठवडाभर असंच चाललं. शेवटी बॉसनेच कंटाळून टेबल मागवलं.

मी तेव्हा भूगोलात पदवी घेऊन नुकतीच लागले होते. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरातून निघायचं, दिवसभर उपग्रहाच्या चित्रावर माउस फिरवून इमारतींना चौकटी काढायच्या आणि घरी जायचं. दिवसाला चारशे चौकटी. एकदा काका मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"घर आहे, काका."

"छप्पर आहे. घर कुठंय?"

मी चित्र मोठं करून दाखवलं. ते म्हणाले, "उपग्रहाला छप्पर दिसतं, उंबरठा दिसत नाही. आणि पाणी छपरातून येत नाही, बाय."

'बाय' हा त्यांच्या गावचा शब्द. त्यांचे वाडवडील मुर्ध्याकडचे, मिठागरावर राबलेले. काका शिकले, सरकारी नोकरीत जिल्हाभर फिरले, भाषा पुस्तकी झाली. पण रागावले किंवा खूश झाले की आतलं 'हाय-न्हाय' वर यायचं.

त्यांच्या बऱ्याच सवयी अशा होत्या की त्या लोकांना समजावून सांगायचं काम माझ्यावर पडे. नकाशात त्यांना निळा रंग चालत नसे. "निळा रंग फसवा हाय. खाडी कधी निळी बघितलीस?" त्यामुळे त्यांच्या कच्च्या नकाशांत पाणी मातकट तपकिरी असे आणि बॉसला ते सांडलेल्या चहासारखं दिसे. रजा ते भरती-ओहोटीप्रमाणे घेत. पहिल्यांदा त्यांनी रजेच्या अर्जात कारण म्हणून एकच शब्द लिहिला, 'भरती'. बॉस अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच विचारू लागला, "चौसष्ट की उमर में कौन सी भरती? पुलिस?" अमावास्येच्या उधाणाची भरती, म्हणून मी समजावलं. त्याला पोलीस भरती जास्त पटण्यासारखी वाटली असावी.

खाडीबद्दल ते खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. "ती दिवसातनं दोनदा मोजणीला येते," ते म्हणायचे. "नोटीस देत न्हाय, खुणा मात्र ठेवून जाते."

त्या खुणा बघायला ते मला बरोबर नेऊ लागले. बॉसची हरकत नव्हती, कारण दोघं बाहेर गेलो की एसी चांगला लागे. एकदा मीरा रोडला एका नव्या टॉवरच्या तळघरात आम्ही उतरलो. कोपऱ्यात पाणी साचलेलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "टाकी लीक है, आज ही ठीक करवा रहे हैं." काका वाकले, भिंतीवरच्या ओलीला बोट लावलं आणि बोट जिभेवर ठेवलं. वॉचमन बघत राहिला. बिल्डरच्या माणसाने तोंड फिरवलं.

"खारं," काका मला म्हणाले. "लिही. टाकीत खाडी भरत असतील तर गोष्ट वेगळी."

पण त्यांची खरी करामत होती ती प्रश्न विचारण्यात. आमच्या छापील फॉर्मवर प्रश्न होता, 'आपल्या घरात पुराचे पाणी शिरते का?' काका म्हणाले, "या प्रश्नाला उत्तरं दोनच. ज्याला घर विकायचंय तो म्हणणार नाही, ज्याला भरपाई हवीय तो म्हणणार हो." ते वेगळंच विचारायचे. दारात उभं राहून, चप्पल काढता काढता, "वहिनी, फ्रिज कशावर ठेवलाय?"

ह्या प्रश्नाला कुणी खोटं उत्तर देत नसे. फ्रिज स्टँडवर, स्टँड विटांवर, पलंगाच्या पायांखाली विटा, गॅसची शेगडी एक फळी वर. काका विटा मोजत. एक वीट, दोन विटा, तीन विटा. लोक आपल्या घरातलं पाणी विसरतात, पण त्यासाठी लावलेल्या विटा काढत नाहीत. मी कॉम्प्युटरच्या तक्त्यात 'VITA' नावाचा नवा रकाना केला. बॉसला वाटलं व्हिटॅमिनबद्दल काहीतरी आहे, आरोग्य खात्याने मागितलं असेल. त्याने तो राहू दिला. त्या रकान्यातूनच आमची धोक्याची रेषा तयार झाली. दोन विटांच्या वरची घरं लाल पट्ट्यात, त्याखालची नारिंगीत, नुसता उंबरठा ओला होणारी पिवळ्यात.

उत्तनपलीकडच्या चौक नावाच्या कोळीवाड्यात मात्र त्यांचा प्रश्न फसला. एका घरापुढे एक मावशी सुके बोंबील उलटत होत्या. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पानी येतो काय म्हून काय इचारतंस? पानी न्हाय आला तं आमी खावाचा काय?" काकांनी वही मिटली.  परतताना रिक्षात म्हणाले, "तिचं घर कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. तिचं बरोबर हाय."

काका स्वतः राहायचे ते भाईंदर पूर्वेलाच, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका चार मजली बिनलिफ्टच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीच्या नावात बाग होती. जागा मुळातली खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खाऱ्या चिखलाची. काकांनी आपल्या इमारतीचीही पाहणी केली, जशी इतरांची केली तशीच. तळमजल्यावर एक विधवा गुजराती बेन राहत. त्यांच्या पलंगाखाली तीन विटा होत्या. इमारत लाल पट्ट्यात गेली.

ही बातमी सोसायटीत कशी पोचली ते सांगायची गरज नाही. ती काकांनीच जिन्यात सांगितली. रविवारी सकाळी गच्चीवर मीटिंग बोलावली गेली. नकाशा दाखवायला काकांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं, पण तो कुणी उघडू दिला नाही.

सेक्रेटरी बँकेतले, लालबागहून इकडे आलेले, शांत माणूस. ते म्हणाले, "काका, तुम्ही इथंच राहताय ना? मग जरा इथल्यांच्या बाजूने बोला."

"इथंच राहतोय म्हणून तर बोलतोय."

"लाल लागलं की घराला गिऱ्हाईक मिळणार नाही. रेषा दहा मीटर तिकडे घेतली तर काय बिघडतं?"

"काही नाही बिघडत," काका म्हणाले. "रेषा लगेच सरकेल. पाण्याला तेवढं कळवायला पाहिजे. तुमच्यातलं कुणी जाणार असेल तर भरतीची वेळ मी सांगतो."

कुणी हसलं नाही. मग ठराव आला, की आपल्या इमारतीत पाणी येत नाही. हात वर झाले. बेननी एकदा काकांकडे पाहिलं आणि त्यांनीही हात वर केला. काकूंचा, म्हणजे काकांच्या पत्नीचा, हात अर्धवट वर जाऊन केस सारखे करायला वळला. ठराव एकमताने मंजूर झाला. काकांना तांत्रिक सल्लागार म्हणून मतदानातून वगळलं होतं.

बेननी हात का वर केला, ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांचं घर विकायला काढलं होतं. पाण्याला कंटाळून त्यांना कुठेतरी वरच्या मजल्यावर जायचं होतं. एक नवराबायको तान्हं मूल घेऊन घर बघायला आले, त्यांना आवडलं. खाली उतरताना जिन्यात काका भेटले. नवऱ्याने सहज विचारलं, "काका, पाणी वगैरे येतं का इथे?"

काका म्हणाले, "येतं. तीन विटा."

ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बेन वर गेल्या. मी काकांच्या घरी नकाशाच्या प्रिंट द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं. बेन रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भाई, तुमी खरं बोलला, बरोबर. पण खरं बोलून कोण बुडणार? मीच ना? तुमी तर वर बसला."

काकांनी हातातली प्रिंट गुंडाळून ठेवली.  बेन निघून गेल्या. त्यांनी काकांशी बोलणं टाकलं, आणि दर गुरुवारी येणारी ढोकळ्याची वाटीही बंद झाली.

पुढचे आठ-दहा दिवस काका ऑफिसात आले, पण कुठलंही बोट जिभेला लावलं नाही. मग एक दिवस डबा खाताना त्यांनी मला सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं, "मी बेनना म्हटलंय, माझं वरचं घर तुम्ही घ्या आणि तुमचं खालचं मला द्या. दोन्ही सारख्याच मापाची हायत. मी मोजलीत."

मला वाटलं काकू घर सोडून जातील. सगळ्यांनाच वाटलं. पुण्याच्या मुलाने फोनवर बापाला वेड लागल्याचं सांगितलं. वकील म्हणाला, खालून वर जाणारे बघितलेत, वरून खाली येणारं गिऱ्हाईक पहिलंच. काकूंना मी भीत भीत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, दुसरा मजला आणि माझे गुडघे. चार वर्षं ह्यांच्या मागे लागलेय, खाली कुठेतरी जाऊया. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं तत्त्व आणि माझी सोय एका दिशेला आलीत. मी कशाला मोडता घालू?"

जानेवारीत सामान वर-खाली झालं. बेननी स्वतःच्या तीन विटा पुसून पलंगाखालीच ठेवून दिल्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. ते मी टाळत आले आहे.

नकाशा सादर करायची वेळ जवळ आली. काका त्या दिवशी भरतीच्या रजेवर होते. बॉस माझ्या मागे उभा राहून स्क्रीन बघत म्हणाला, "ही लाल लाइन किती वाकडीतिकडी आहे. प्रेझेंटेशनला बरी दिसत नाही. स्मूद कर ना." आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. बटण दाबलं की दातेरी रेषा गुळगुळीत होते, मधले कोपरे कापले जातात. मी बटण दाबलं. रेषा खरोखर सुंदर दिसू लागली. त्या सौंदर्यात काही इमारती लाल पट्ट्याबाहेर पडल्या, त्यांत काकांची होती; तिथे नारिंगी पट्टा नावापुरताच, त्यामुळे ती थेट पिवळ्यात गेली. मला ते दिसलं. बॉसचं आणि त्या सेक्रेटरींचं काही बोलणं झालं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. फाइल सेव्ह केली आणि घरी गेले.

नकाशा जाहीर झाला, हरकती मागवल्या गेल्या. काकांचं आमच्याकडचं काम तोवर संपलं होतं. ते नकाशा लावलेल्या दालनात गेले आणि भिंग लावून आपलं घर शोधलं. ते पिवळ्यात होतं. म्हणजे ज्या घरासाठी त्यांनी आपलं कोरडं घर सोडलं, ते सरकारी कागदावर आता सुखरूप होतं. मला त्यांचा फोन आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

सुनावणीला आमच्या ऑफिसतर्फे बॉस आणि मी, समोर लॅपटॉप. हॉलमध्ये दीडेकशे माणसं. हरकतीच्या छापील अर्जावर मजकूर तयारच होता: 'माझी मिळकत धोक्याच्या पट्ट्यातून वगळण्यात यावी.' खाली फक्त सही करायची. काकांनी 'पट्ट्यातून वगळण्यात' खोडून 'लाल पट्ट्यात घेण्यात' असं लिहिलं होतं.

सुनावणी घेणारे अधिकारी सकाळपासून तेच तेच ऐकून थकले होते. त्यांनी अर्ज वर न बघता वाचला. "वगळायचंय ना?"

"नाही साहेब. घ्यायचंय."

"लाल पट्ट्यात?"

"हो."

"कुणाचं घर?"

"माझंच. तळमजला."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "शेजाऱ्यांशी भांडण आहे का?"

"नाही. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत."

मागे बसलेली सोसायटीची मंडळी हलली. काकांनी वही पुढे केली. अधिकाऱ्यांनी ती चाळली. कुठली पायरी, कुठलं फाटक, कोणी सांगितलं, किती विटा. मग त्यांनी आमच्या टेबलाकडे बघितलं. "तुमचं म्हणणं?"

बॉस म्हणाला, "सर, आमचा डेटा पूर्ण सायंटिफिक आहे."

"ह्यांचं घर मग पिवळ्यात कसं?"

बॉसने माझ्याकडे बघितलं. लॅपटॉप माझ्यासमोर होता. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते समोरच्या पंख्याकडे बघत होते, आणि त्यामुळेच मला खोटं बोलता आलं नाही.

"मूळ रेषा ह्यांच्या स्वयंपाकघरातून जात होती," मी म्हटलं. "नंतर मी ती गुळगुळीत केली. दिसायला बरी दिसावी म्हणून."

 अधिकाऱ्यांनी विचारलं, मूळ रेषा आहे का. मी जुनी फाइल उघडली. त्यांनी ती बघितली, काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांनी माझी नोकरी गेली, पण ती महिनाअखेरीला, आणि बॉसने अनुभवाचं पत्र चांगलं दिलं.

शेवटचा नंबर होऊन मी बाहेर आले तेव्हा काका चप्पल घालत होते. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "आधी खोडलंस, मग सांगितलंस. क्रम उलटा असता तर माझा रिक्षाचा हेलपाटा वाचला असता." थोडं पुढे गेले, परत वळले. "चल, काकूने साबुदाणा केलाय."

आम्ही जिना उतरत असतानाच ते अधिकारी मागून आले. एकटेच होते. "एक खाजगी विचारायचं होतं," ते म्हणाले.

"सुनावणी संपली का?" काकांनी विचारलं.

"संपली."

"मग विचारा."

अधिकारी खाडीकडच्या एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेत होते. तिथं कसं आहे, काका एकदा येऊन बघतील का? त्यांच्या टेबलावर आमचा रंगीत, सही-शिक्क्याचा नकाशा पडलेला होता. तो त्यांनी बघितला होताच.

काका रविवारी गेले. बोट लावलं, चाखलं, बांधापर्यंत चालून आले आणि अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, की उधाणाला इथं खाली पाणी येणार. अधिकाऱ्यांनी मनापासून आभार मानले आणि फ्लॅट घेतला. बाल्कनीतून खाडी फार छान दिसत होती.

सुधारित नकाशात काकांचं घर लालमध्ये आलं. भाद्रपदाच्या उधाणाला दुपारी पाणीही आलं, त्या वर्षी दोनच विटा. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "बेन मला हाताला धरून वर घेऊन आल्यात. माझ्याच जुन्या स्वयंपाकघरात बसून त्यांचा ढोकळा खातेय. हे खाली आहेत. सेक्रेटरी जिन्यात उभे राहून ह्यांना विचारतायत, पाणी कधी उतरणार, आणि हे वेळ सांगतायत. इतक्या महिन्यांनी ह्यांच्याशी कुणी बोलतंय, तर बोलू दे म्हटलं."

अधिकाऱ्यांच्या गृहप्रवेशाला काकांना आमंत्रण होतं. ते मलाही घेऊन गेले. पूजा झाली, श्रीखंड-पुरी झाली. अधिकाऱ्यांनी कौतुकाने बाल्कनी दाखवली आणि विचारलं, "आता सांगा, कसं वाटलं घर?"

काका खाली बघत होते. फाटकाजवळ वॉचमनची केबिन होती, रस्त्याच्याच पातळीला. आत खाट आणि एक स्टोव्ह.

"घर चांगलं हाय," काका म्हणाले. "तुमचं काय, गाडी भिजेल. त्या वॉचमनची खोली तेवढी वर घ्या."

अधिकारी हसले. मला वाटलं, विसरतील.

काका गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. झोपेत गेले, कोरड्या मोसमात. मी आता दुसरीकडे काम करते, चौकटी काढणाऱ्या मुलांवर देखरेख करते. मागच्या महिन्यात एका पाहणीसाठी अधिकाऱ्यांच्या इमारतीच्या रस्त्याने गेले. सगळ्या इमारतींच्या वॉचमन-केबिन रस्त्याला टेकलेल्या, आणि त्या एकाच फाटकाशी केबिन चांगली कमरेइतकी वर, पुढे सिमेंटच्या चार पायऱ्या. वॉचमन नवा होता. पायरीवर बसून जेवत होता. मी विचारलं, ही केबिन एवढी उंच का?

त्याने मागे वळून केबिनकडे बघितलं, जणू हा प्रश्न त्यालाही आजच पडला.

"पता नहीं, मॅडम," तो म्हणाला. "वास्तु का कुछ होगा."